अकरावे नाव : पॉल रोबसन

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायाने खेळायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेतला फुटबॉल मात्र अगदी निराळा. त्यातला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो बगलेत धरून पळायचे आणि समोरच्या अकरा जणांनी अंगावर झेप घेऊन त्या खेळाडूला जमिनीवर लोळवायचे, असा हा खेळ. धसमुसळेपणात तो आपल्या कबड्डीच्या पकडीला अधिक जवळचा आहे. या खेळाचे वेड अमेरिकेला लावले ते तेथील महाविद्यालयांनी. तेथला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्सविक या गावी झाला. एकेका बाजूला २५ खेळाडू होते, चेंडू गोल होता आणि तो हातात घेऊन पळण्यास मनाई होती. रटगर्स महाविद्यालयाने शेजारच्या प्रिन्स्टनच्या संघाला ६ विरुद्ध ४ असे हरविले.

परंतु मला लिहायचे आहे ते या विजयाविषयी नव्हे. त्यानंतर ४६ वर्षांनी रटगर्समध्ये दाखल झालेल्या एका विद्यार्थ्याविषयी लिहायचे आहे. जगाने त्याला पुढे गायक आणि नट म्हणून ओळखले. त्याचे नाव पॉल रोबसन.

पॉलचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी प्रिन्स्टन येथे झाला. त्याचे वडील विल्यम हे जन्माने गुलाम. वयाच्या पंधराव्या वर्षी मालकाच्या तावडीतून ते पळाले, पुढे शिकले, पदवीधर झाले आणि निग्रो वस्तीतील चर्चचे धर्मोपदेशक बनले. पुढे ते पद गेले, तेव्हा या पदवीधर माणसाने घोडागाडी घेऊन घरोघरची राख वाहिली, पण मुलांसमोर कधी रडगाणे गायिले नाही. पॉल सहा वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा शेगडीतील निखारा कपड्यांवर पडून आई भाजली आणि दगावली. पोरक्या मुलाला वडिलांनीच वाढविले. परीक्षेत एखादा गुण कमी पडला तर तो का कमी पडला, हे ते शांतपणे विचारीत असत.

प्रिन्स्टनचे प्रसिद्ध विद्यापीठ घरापासून हाकेच्या अंतरावर होते, पण काळ्या मुलांना त्याचे दरवाजे बंद होते. पॉलने राज्यपातळीवरची शिष्यवृत्ती परीक्षा दिली आणि तो १९१५ साली रटगर्समध्ये आला. त्या महाविद्यालयाची स्थापना १७६६ सालची. एवढ्या दीर्घ इतिहासात तेथे शिकायला आलेला पॉल हा केवळ तिसरा काळा विद्यार्थी होता, आणि त्या वेळी तर एकटाच.

आडदांड शरीराचा, सहा फुटांहून उंच असा सतरा वर्षांचा पॉल फुटबॉलच्या मैदानावर उतरला. संघाला काळा खेळाडू नको होता. पहिल्याच दिवशी सरावाच्या नावाखाली स्वतःच्याच महाविद्यालयाच्या मुलांनी त्याला तुडविले. नाक मोडले, खांदा निखळला. पुढचे दहा दिवस तो अंथरुणावर होता. खेळ सोडून द्यावा, असे त्याला वाटू लागले. पण वडिलांची शिकवण आठवली. मैदानावर तू एकटा नसतोस, तुझ्या मागून जी काळी मुले शिकायला आणि खेळायला येतील त्या सर्वांच्या वतीने तू तेथे उभा आहेस, असे त्यांनी त्याला बजावले होते. पॉल परत गेला. या वेळी एकाने खिळ्यांच्या बुटाने त्याचा हात चिरडला. तेव्हा मात्र त्याचा संयम सुटला. पुढच्या चढाईत त्याने एका खेळाडूला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले. तो आता आपटणार, इतक्यात प्रशिक्षक सॅनफर्ड यांनी ओरडून त्याला संघात घेतल्याचे जाहीर केले. हा प्रसंग पॉलनेच पुढे सांगितलेला आहे.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या अंगावर कोणी खिळ्यांचा बूट ठेवला नाही. तरी पहिले वर्षभर वर्गात प्रश्न विचारायला मी भीत असे. आपण चुकलो तर ती आपली एकटीची चूक राहणार नाही, मागे घरी असलेल्या धाकट्या बहिणींच्या शिक्षणावरही तिचे बोट ठेवले जाईल, असे वाटे. म्हणून पॉलच्या वडिलांचे म्हणणे मला चटकन कळले. ते बळ देणारे आहे, पण ते ओझेही आहे.

१९१६ साली रटगर्सचा दीडशेवा वर्धापनदिन थाटाने साजरा झाला. त्यानिमित्त दक्षिणेतील वॉशिंग्टन अँड ली महाविद्यालयाचा संघ सामन्यासाठी आला होता. मैदानावर निग्रो असेल तर आम्ही खेळणार नाही, अशी अट त्यांनी घातली, आणि ती रटगर्सने मान्य केली! पॉलला त्या दिवशी बाहेर बसविण्यात आले. सामना बरोबरीत सुटला. ज्या मुलांनी पूर्वी त्याला तुडविले ती एव्हाना त्याला आपला मानू लागली होती. कच खाल्ली ती संस्थेने. रटगर्सचे पहिले काळे पदवीधर जेम्स कार यांना ही गोष्ट इतकी लागली, की १९१९ साली त्यांनी महाविद्यालयाच्या अध्यक्षांना पत्र लिहून निषेध नोंदविला.

पॉलने उत्तर दिले ते मैदानावर. १९१७ च्या नोव्हेंबरात निवडक नामांकित खेळाडूंनी भरलेल्या न्यूपोर्टच्या नौदल संघाला रटगर्सने १४ विरुद्ध ० असे नमविले, त्यात पॉलचा खेळ डोळ्यांत भरला. १९१७ आणि १९१८ या दोन्ही वर्षी अखिल अमेरिकन संघात त्याची निवड झाली. चार खेळांत त्याने महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व केले, वक्तृत्वाची बक्षिसे मिळविली आणि १९१९ साली पदवीदान समारंभात आपल्या वर्गाच्या वतीने भाषण करण्याचा मान पटकाविला. हे पाहायला वडील मात्र नव्हते. ते १९१८ सालीच वारले होते.

पुढचे आयुष्य सर्वश्रुत आहे. व्यावसायिक फुटबॉल खेळून पैसे मिळवीत तो कोलंबिया विद्यापीठातून १९२३ साली कायद्याचा पदवीधर झाला. पण कचेरीतल्या लघुलेखिकेने काळ्या माणसाचा मजकूर उतरवून घेण्यास नकार दिला, तेव्हा त्याने वकिली सोडली आणि रंगभूमी जवळ केली. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा ऑथेल्लो रंगमंचावर आला, त्याचे २९६ प्रयोग झाले. काळ्यांचे हक्क, कामगारांचे लढे आणि वसाहतींचे स्वातंत्र्य यांची बाजू घेतल्यामुळे १९५० साली सरकारने त्याचे पारपत्र रद्द केले. ते परत मिळायला १९५८ साल उजाडले. त्याच वर्षी त्याचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला. अमेरिकन सरकारची नाराजी असतानाही पंडित नेहरूंनी त्याला पाठिंबा दिला, आणि त्यासाठीच्या समितीचे प्रमुख होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला. कोलंबियात शिकलेले भूपेन हजारिका यांनी आपल्या गीतांमागची प्रेरणा म्हणून रोबसनचे ऋण मोकळ्या मनाने मानले.

सरकारची इतराजी फुटबॉलपर्यंत पोहोचली. त्याच काळात निघालेल्या एका संदर्भग्रंथात १९१८ चा अखिल अमेरिकन संघ छापला गेला, त्यात अकराऐवजी दहाच नावे होती. अकराव्या खेळाडूची जागा चक्क गाळली होती!

२३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फिया येथे पॉल रोबसनचे निधन झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी रटगर्सचा संघ अकराच्या अकरा सामने जिंकून अपराजित राहिला. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मान-दालनात रोबसनचे नाव कोरले गेले ते १९९५ साली, मृत्यूनंतर १९ वर्षांनी. त्याच्या पदवीला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०१९ साली, रटगर्सने आपल्या आवारातील एका चौकाला त्याचे नाव दिले. ज्या संस्थेने एके काळी त्याला बाहेर बसविले, तिला आपली चूक दुरुस्त करावीशी वाटली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण १९१६ चा तो सामना काही त्याला परत खेळायला मिळाला नाही.

आमच्या जिमखान्याच्या भिंतीवर जुन्या विजेत्या संघांची नावे रंगविलेली आहेत. पूर्वी मी तेथून तशीच पुढे जात असे. आता थांबते, आणि प्रत्येक संघाची नावे मोजून पाहते.