भाल्याची निवड

माझा भाचा अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. गेल्या दिवाळीत तो मुकुंदवाडीला आमच्याकडे आला आणि चिवडा खाता खाता त्याने एक भलताच विषय काढला. त्याच्या शेजारी राहणारे गृहस्थ रानडुकराची शिकार पिस्तुलाने करतात आणि कोणती गोळी घ्यावी यावर तासन् तास बोलतात. आत शिरताच फुलणारी, पोकळ टोकाची गोळी म्हणे डुकराला पुरत नाही. नराच्या खांद्यावर वयाबरोबर जाड, चिवट कातडीची ढाल तयार होते, तिच्यातच ती फुलून अडकते. म्हणून .44 मॅग्नमसारखे दांडगे काडतूस आणि त्यात न फुलणारी, कडक शिशाची जड गोळी घ्यायची, म्हणजे ती हाडापार जाते. माझ्या पत्नीने विषय बदला म्हणून दोनदा खूण केली, पण मी ऐकतच राहिलो. मी मूळचा कागलकडचा. रानडुक्कर आणि हत्यार हे दोन शब्द एकत्र आले, की मला राजर्षी शाहू महाराज आठवतात.

महाराजही कागलचेच. 26 जून 1874 रोजी घाटग्यांच्या घरात जन्मले तेव्हा त्यांचे नाव यशवंतराव होते. 17 मार्च 1884 रोजी ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले. शिक्षण आधी राजकोटला आणि मग धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली झाले आणि 2 एप्रिल 1894 रोजी राज्याची सूत्रे हाती आली. देह पहिलवानाचा, कुस्तीचे वेड असे की 1912 साली खासबागेत मैदानच उभे राहिले. घोड्याचा नाद तसाच. काळविटांवर सोडायला त्यांनी चित्ते पाळले होते. पण रक्ताला खरी उकळी आणणारा खेळ म्हणजे घोड्यावर बसून भाल्याने रानडुक्कर मारणे.

इथे हत्याराच्या निवडीचा प्रश्न येतो. बंदुका महाराजांकडे काय कमी होत्या? उत्तम रायफली होत्या, दारूगोळा होता. शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या हाती ठासणीची बंदूक, तीत शिशाची गोल गोळी. ती डुकराच्या कपाळाच्या उतारावरून घसरायची नाही तर खांद्यात चपटी व्हायची, आणि जखमी जनावर उलटून अंगावर यायचे. त्या काळच्या रिव्हॉल्व्हरची गोळीही मऊ आणि संथ, नराची ढाल फोडायला कमीच. रायफलीने काम चोख झाले असते. पण जिथे घोडा धावू शकतो अशा मुलखात डुक्कर गोळीने मारणे हे घोडेस्वार शिकाऱ्यांत कमीपणाचे मानले जाई. राजेरजवाडे आणि इंग्रज अंमलदार, दोघांचाही हा दंडक. भाल्यातही दोन प्रकार होते. बंगालकडचा आखूड, शिशाने जड केलेला, वरून खाली मारायचा. बाकी मुलखातला लांब, हलका, कमरेजवळ धरून पुढे रोखायचा. हाके डुकरे उठवणार, तीन-चार स्वार एका नरामागे घोडे फेकणार, माद्या सोडून देणार. ज्याच्या भाल्याने पहिले रक्त निघेल, सुळे त्याचे.

यात स्वाराची नजर डुकरावर असते, जमिनीवर नसते. काळ्या रानातल्या भेगा, गवतात लपलेले ओढे, उंदराची बिळे घोड्यानेच सांभाळायची. डुक्कर ऐन भरात काटकोनात वळते, कधी थेट घोड्याच्या पायांत घुसते. रायफलवाला दुरून नेम धरतो. भालेवाल्याला आपला जीव त्याच्या सुळ्यांच्या टप्प्यात न्यावाच लागतो. यालाच मर्दानगी म्हणत. लहानपणी मलाही ते पटायचे.

महाराजांचे धाकटे चिरंजीव, प्रिन्स शिवाजी, 1899 साली जन्मले. थोरले राजाराम आणि ते असे दोघे भाऊ शिक्षणासाठी विलायतेला जाऊन आले होते. जून 1917 मध्ये सासवडच्या जगतापांच्या घरातल्या इंदुमतीदेवींशी प्रिन्स शिवाजींचे लग्न झाले. नवरी जेमतेम 11 वर्षांची. आणि वर्षभरातच, 12 जून 1918 रोजी, रानडुकराचा पाठलाग करताना प्रिन्स शिवाजी घोड्यावरून पडले आणि गेले. वय 19.

बापाने शिकवलेला खेळ, बापाचाच आवडता खेळ. त्या रात्री महाराजांच्या मनात काय आले असेल, हे मी बाप झाल्यावर पुष्कळदा मनाशी घोळवले आहे. माझ्या मुलाने पहिली मोटारसायकल मागितली तेव्हा मी चार महिने नाही म्हणत होतो. राजाला तसे नाही म्हणता येत नसावे. किंवा सुचतच नसावे. भाल्याचा तो दंडक मला आज पूर्वीसारखा भव्य वाटत नाही, एवढे कबूल करतो.

दुःखात हातपाय गाळून बसणारा हा माणूस नव्हता. 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखणारे, 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणारे महाराज 1918 मध्येही थांबले नाहीत. महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यामागची पोलीसचौकीवरची हजेरी त्यांनी त्याच साली बंद केली. भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम चालू होते. ते काम महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही.

पण घरात 12 वर्षांची विधवा सून होती. तेव्हाच्या रिवाजाने तिच्या वाट्याला पडदा आणि एक कोपरा यायचा. महाराजांनी तिला शिकवायचे ठरवले. वाड्यातून विरोध झाला, तो त्यांनी मानला नाही. शहराबाहेर सोनतळीला तिची राहण्याची सोय केली, शिक्षक नेमले, एकटी पडू नये म्हणून वेगवेगळ्या जातींच्या मुली सोबतीला दिल्या. अस्पृश्यता घालवू पाहणाऱ्या राजाने सुनेच्या पाटीशेजारीही ती ठेवली नाही, हे मला विशेष वाटते.

6 मे 1922 रोजी मुंबईत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, महाराज गेले. इंदुमतीदेवी पुढे मॅट्रिक झाल्या.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारीचा शौक संपला आहे, पीक नासणारे डुक्कर मारायलाही वन खात्याची परवानगी लागते, हेही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, की त्या मुलीला सोनतळीला पहिल्यांदा काय शिकवले असेल? मला ते सांगता आले नाही. तेवढ्यात स्टेशनात गाडी शिरल्याचा आवाज आला आणि पत्नीने दुसरा चहा आणला.