अंगाईच्या वयात गेलेलं लेकरू आणि व्हिओलेताची गाणी

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात ४ ऑक्टोबरला संगीताचा दिवस पाळतात. हा दिवस एका बाईच्या जन्माचा. व्हिओलेता पारा, जन्म १९१७. वडील शाळेत संगीत शिकवायचे, आई शिवणकाम करायची आणि गावाकडची गाणी म्हणायची. घरात खाणारी तोंडं पुष्कळ. वडील गेल्यावर मुलं बाजारात गाऊन चार पैसे आणायची.

पंधराव्या वर्षी ती सांतियागो या राजधानीच्या शहरात आली. बहीण हिल्दाबरोबर गुत्त्यांत, खानावळींत गाऊ लागली. गिऱ्हाइकाला आवडेल ते गायचं, मग ते मेक्सिकोचं का असेना! दोघींच्या तबकड्याही निघाल्या. रेल्वेत नोकरी करणाऱ्या नवऱ्याला मात्र घर सांभाळणारी बायको हवी होती. १९४८ मध्ये दोघं वेगळी झाली. पदरात इसाबेल आणि आन्हेल ही दोन मुलं.

पुढे कवी असलेल्या भावाने, निकानोरने, तिला आपल्याच मातीतली गाणी शोधायला लावलं. पस्तिशीची ही बाई वही नि गिटार घेऊन खेडोपाडी हिंडली, म्हाताऱ्या गायक-गायिकांसमोर बसून शिकली. तिथे एक रीत होती. तान्हं मूल गेलं की त्याला देवदूतासारखं सजवायचं आणि रात्रभर गायचं. मूल थेट स्वर्गात गेलं, तेव्हा आईने रडायचं नाही, अशी समजूत. ही गाणीही तिने जमवली.

१९५५ मध्ये पोलंडमधल्या युवक महोत्सवाचं बोलावणं आलं. दुसऱ्या लग्नाची धाकटी लेक, रोझिता क्लारा, तान्ही होती. तिला घरी ठेवून व्हिओलेता गेली. ती परदेशात असतानाच बाळ वारलं. ती लगेच परतली नाही, पॅरिसला राहून गात राहिली. लोकांनी बोलायचं ते बोललं. मला तिला बोल लावावासा वाटत नाही. गाण्यासाठी बाहेर पडलेल्या बापाला हा प्रश्न कोणी विचारला असता का?

त्या लेकरावर तिने गाणं केलं, जुन्याच चालीरीतीचं. पण आता ते तिचं स्वतःचं होतं. हळूहळू जमवलेल्या गाण्यांपेक्षा रचलेली जास्त झाली. आजारपणात अंथरुणावर पडून तिने गोणपाटावर लोकरीने चित्रं भरली. तीच १९६४ मध्ये पॅरिसच्या लूव्र राजवाड्यातल्या संग्रहालयात मांडली गेली.

१९६६ ची तबकडी तिची सर्वांत मोठी. इसाबेल, आन्हेल आणि उरुग्वेचा आल्बेर्तो सापिकान साथीला होते. व्हिओलेताने गिटारीबरोबर चारांगो आणि क्वात्रो ही छोटी तंतुवाद्यंही घेतली. 'आयुष्या, तुझे आभार' अशा अर्थाचं तिचं जगभर गाजलेलं गाणं यातलंच. सोडून गेलेल्या स्विस मित्रावरचं गाणं यात आहे, शिव्याशाप देणारं आहे, आणि सजवलेल्या त्या तान्ह्या देवदूताचंही आहे. अकरा वर्षं झाली होती. तबकडीच्या स्पॅनिश नावाचा अर्थ 'अलीकडच्या रचना' असाही होतो आणि 'शेवटच्या रचना' असाही.

गाण्यासाठी तिने शहराच्या कडेला मोठा तंबू उभारला होता. लोक फारसे फिरकत नसत. तिथेच ५ फेब्रुवारी १९६७ ला तिने आपलं आयुष्य संपवलं. वय ४९.

१९७१ मध्ये अर्जेंटिनाच्या मेर्सेदेस सोसाने तिच्या गाण्यांची तबकडी काढली. चिलीत १९७३ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, आन्हेलला छावणीत डांबलं. पुढे दोन्ही मुलांना देश सोडावा लागला. परमुलखात ती आईची गाणी गात राहिली.