दाताची कबर आणि सुलतानाची शंका

बीड शहरापासून काही कोसांवर करजनी नावाचे गाव आहे. तेथील टेकडीवर एक जुनी घुमटाची वास्तू उभी असून तिला दाताची कबर म्हणतात. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक वरंगळकडील मोहिमेतून आजारी होऊन परतत होता. वाटेत बीडजवळ त्याचा एक दात गेला आणि तो येथे इतमामाने दफन करून वर घुमट बांधला गेला, अशी ही हकीकत आहे. आपण ती वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल आणि हसून सोडूनही दिली असेल. परंतु ज्याचा हा दात, त्या माणसाला जो प्रश्न छळत राहिला तोच आज आपल्या घरातील विज्ञान शाखेचा विद्यार्थी आपल्याला विचारीत आहे. ईमान हे ज्ञान आहे, की केवळ मानून घेतलेली गोष्ट?

सुलतान १३२५ साली तख्तावर बसला. इतका शिकलेला बादशहा दिल्लीने क्वचितच पाहिला असेल. तर्कशास्त्र, गणित, ज्योतिष आणि वैद्यक या साऱ्यांत त्याला गती होती. रुग्णांना तो स्वतः तपासून औषधे देई. कुरआन त्याला मुखोद्गत होते आणि हनफी फिकहमधील 'हिदाया' या ग्रंथाचाही त्याचा अभ्यास होता. जोग्यांना आणि जैन आचार्य जिनप्रभ सूरी यांना तो आदराने जवळ बसवून घेई. १३२७ च्या सुमारास त्याने दौलताबादेला राजधानी केली, ती कथा आपणा मराठवाड्यातील लोकांना नव्याने सांगावयास नको.

त्याच्या दरबारात सतरा वर्षांहून अधिक काळ राहिलेले इतिहासकार जियाउद्दीन बरनी यांनी त्याच्या बिघाडाचे कारण नावानिशी नोंदवले आहे. साद मन्तिकी, उबैद शायर, नज्म इंतिशार आणि मौलाना अलीमुद्दीन या तर्कवाद्यांच्या संगतीत त्याच्या मनावर असे ठसले की, बुद्धीला सिद्ध करता येईल तेवढेच खरे. जे पैगंबरांकडून परंपरेने आले, ते त्याला दुय्यम वाटू लागले. बरनी स्वतः फार कर्मठ होते आणि तर्कशास्त्राविषयी त्यांच्या मनात अढी होती, हे ध्यानात ठेवूनच त्यांचे म्हणणे वाचावे. माझ्या मते दोष तर्काचा नव्हता. ज्ञानाचे एकच दार उघडे ठेवून बाकीची लावून घेण्याचा होता.

आपल्या अकीद्याच्या अभ्यासात इमाम नजमुद्दीन उमर नसफी (रह.) यांचे छोटेसे पुस्तक शतकानुशतके शिकवले जाते. इमाम साहेबांचे निधन ११४२ साली झाले, म्हणजे सुलतानाच्या पुष्कळ आधी. ज्ञानाची साधने तीन, असे त्यांनी आरंभीच सांगितले आहे. ती म्हणजे निकोप इंद्रिये, सच्ची खबर आणि अक्ल. यातील खबर हे साधन आज आपण विसरलो आहोत. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, हे आपल्या मुलाने मोजलेले नाही. त्याने ते पुस्तकातून आणि शिक्षकांकडून घेतले आहे, आणि तरीही ते ज्ञानच आहे. मात्र फरक झाकू नये. विज्ञानाची खबर ज्याच्यापाशी उपकरणे आहेत त्याला पुन्हा मोजून पाहता येते. आखिरतची खबर अशी मोजता येत नाही. तेथे खबर आणणाऱ्याला पारखावे लागते. ज्यांना मक्केतील लोक पैगंबरीच्या आधीपासून अमीन म्हणत, त्या हजरत मुहम्मद (सल्ल.) यांच्या चारित्र्याची पारख म्हणजे डोळे मिटून मान्य करणे नव्हे. कुरआनाच्या आयतीत रोज नवा वैज्ञानिक शोध दाखवण्याची जी हौस अलीकडे वाढली आहे, ती मला म्हणूनच अनाठायी वाटते. एका साधनाची मापे दुसऱ्याला लावण्याचीच ती चूक आहे.

खबरीलाही दर्जे असतात, हे तर आपल्या मुहद्दिसांनी जगाला शिकवले. इतक्या लोकांनी, इतक्या वाटांनी सांगितलेली की सर्वांनी मिळून खोटे रचणे अशक्य, ती मुतवातिर. दिल्लीवर या सुलतानाने राज्य केले, ही तशी खबर आहे. बीडच्या दाताची हकीकत मात्र फरिश्ता या इतिहासकाराने १६०६ च्या सुमारास, म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांनी, नोंदवली. ती खरी असू शकेल. पण तिचा भार पहिलीइतका नाही. हे तारतम्य ज्याला आले, तो अंधश्रद्धेला ईमान म्हणणार नाही आणि ईमानाला अंधश्रद्धाही म्हणणार नाही.

सुलतानाच्या शंकेचीच गोष्ट घ्या. एका जुन्या हस्तलिखिताला जोडलेली चार पाने त्याच्या आत्मकथनाची म्हणून प्रसिद्ध आहेत. तत्त्वज्ञांच्या संगतीत आपण निर्मात्याच्या अस्तित्वाविषयीच शंकित झालो, त्या दिवसांत मन विलक्षण व्याकूळ होते आणि पुढे बुद्धीनेच आपल्याला निर्मात्याकडे व पैगंबरीकडे परत आणले, असे त्यांत सांगितले आहे. ही पाने अस्सल आहेत की नाहीत, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण त्यांतील पुढचा भाग त्याच्या वर्तनाशी जुळतो. खलिफाच्या मान्यतेवाचून आपले राज्य वैध नाही, असे त्याला वाटू लागले. नाण्यांवरून त्याने स्वतःचे नाव काढले आणि मान्यता येईपर्यंत जुमा व ईदची नमाज थांबवली. कैरोहून मान्यतापत्र आले ते १३४४ साली. दरम्यान पाडलेल्या नाण्यांवर ज्या खलिफा मुस्तकफीचे नाव होते, ते १३४० मध्येच वारले होते. खबर दिल्लीपर्यंत पोहोचलीच नव्हती!

त्याआधीचा तांब्या-पितळेच्या नाण्यांचा प्रयोग तर सर्वश्रुत आहे. चीनमध्ये कागदाचे चलन चालते, मग येथे राजाच्या शब्दावर तांबे चांदीच्या मोलाने का चालू नये? युक्तिवाद निर्दोष होता. परंतु बनावट नाण्यांना आळा घालण्याची व्यवस्था नव्हती आणि लोकांचा विश्वास उडाला. सुलतानाने ती नाणी खजिन्यातून खरे चलन देऊन परत घेतली, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परत आलेल्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिले.

कुरआनाने सूरह फातिरमध्ये आलिमाची ओळख अल्लाहच्या भयाशी जोडली आहे. त्या कसोटीवर या विद्वानाचे काय होते? इब्न बतूता यांनी दोन्ही बाजू दाखवल्या आहेत. एकदा हा सुलतान निःशस्त्र, पायी चालत काझीसमोर प्रतिवादी म्हणून उभा राहिला. एका मुलाला विनाकारण मारल्याबद्दल त्याने त्याच मुलाच्या हातून एकवीस फटके खाल्ले. आणि शेख शिहाबुद्दीन यांनी त्याला जालीम म्हटले, तेव्हा त्याने पुरावा मागितला. शेख यांनी जुलमांची यादी सांगितली. त्यांचे शिर उडवण्यात आले. पुरावा मागण्याची सवय तर्कवाद्यांची. पुरावा समोर आला तेव्हा ती कोठे गेली?

१३५१ च्या मार्चमध्ये, सिंधूकाठी ठट्ट्याजवळ एका बंडखोराचा पाठलाग करीत असता, त्याने आशूराचा रोजा ठेवला. रोजा सोडल्यावर मासे खाल्ले, ताप चढला आणि थोड्याच दिवसांत, २० मार्च रोजी, तो वारला.

बरनी यांनी पुढे १३५७ मध्ये, वार्धक्यात व दारिद्र्यात, त्याचा इतिहास पूर्ण केला. हत्या होत असताना दरबारातील आम्हा जाणत्यांना सत्य ठाऊक होते, पण जिवाच्या भीतीने व धनाच्या लोभाने आम्ही गप्प राहिलो, अशी कबुली त्यांनी त्यात दिली आहे. साक्ष आणि कलिमा, दोन्हींसाठी आपल्याकडे शहादत हा एकच शब्द आहे. बरनी यांना तो अरबी-फारसीचे पंडित म्हणून नक्कीच माहीत होता.