६ तासांचा हवामान अंदाज सपशेल चुकला, तरी रिचर्डसन बरोबर कसे ठरले?

आज पाऊस पडेल का, हे आपण मोबाइलवर बघतो. त्यामागच्या आकडेमोडीच्या पद्धतीचे एक आद्य प्रणेते म्हणजे लुईस फ्राय रिचर्डसन.

१८८१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जन्मलेले रिचर्डसन युद्धविरोधी क्वेकर पंथाचे. पहिल्या महायुद्धात बंदूक न धरता त्यांनी फ्रान्समध्ये ॲम्ब्युलन्स चालवली. त्याच धामधुमीत हवेची अवघड समीकरणं छोटे छोटे टप्पे पाडून हाताने सोडवली. २० मे १९१० च्या नोंदींवरून फक्त ६ तासांचा अंदाज काढला. उत्तर आलं, हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळपास स्थिर होता!

१९२२ च्या पुस्तकात त्यांनी ही चूक आकडेमोडीसकट छापली. १९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक संगणकाने, समीकरणं सोपी करून, हवामानाचे अंदाज काढून दाखवले. १९५३ मध्ये रिचर्डसन गेले.

पुढे आयरिश हवामानतज्ज्ञ पीटर लिंच यांनी तीच आकडेमोड संगणकावर चालवली. उत्तर तेच चुकीचं आलं. मग सुरुवातीच्या आकड्यांतले खोटे चढउतार काढले आणि अंदाज वास्तवाजवळ आला. पद्धत बरोबरच होती, आकडे नीट नव्हते. रिचर्डसन यांनी चूक लपवली असती, तर हे कधी कळलंच नसतं.