मेंदूचा चित्रकार : काहाल

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मेंदूवर लिहावे हे काही वाचकांना विचित्र वाटेल. शास्त्र शाखेचे मित्र हसतीलही. पण ज्यांच्याविषयी मी लिहिणार आहे ते मुळात चित्रकार व्हायला निघाले होते, आणि त्यांच्या चरित्रात जमाखर्चाचा भागही बराच आहे. तेव्हा माझाही थोडासा अधिकार पोहोचतो असे धरून चालतो.

सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधील पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात झाला. वडील वैद्यकीचा धंदा करणारे, कडक शिस्तीचे. मुलाला चित्रांचे वेड आणि वडिलांना त्याच वेडाची चीड! अकराव्या वर्षी या चिरंजीवांनी घरगुती तोफ बनवून शेजाऱ्याचे फाटक उडवले आणि काही दिवस कोठडीची हवा खाल्ली. वडिलांनी त्यांना न्हाव्याकडे व चांभाराकडे उमेदवारीला ठेवून पाहिले, पण उपयोग झाला नाही. शेवटी १८६८ साली वडील त्यांना जुन्या दफनभूमीत घेऊन गेले आणि तिथल्या हाडांवरून शरीररचना शिकवू लागले. हाडे समोर ठेवून चित्रे काढायची म्हटल्यावर मुलगा रमला. बापलेकांचे भांडण हाडांनी मिटवले म्हणा ना!

१८७३ मध्ये सारागोसा येथे ते डॉक्टर झाले. सैन्यातील डॉक्टर म्हणून क्युबात गेले, तेथून हिवतापाने खंगून १८७५ मध्ये परतले. साठलेल्या पैशांतून त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्र घेतले, तेही हप्त्यांनी. पुढे १८८५ च्या पटकीच्या साथीत केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक मंडळाने त्यांना एक उत्तम जर्मन यंत्र भेट दिले. त्यांचे खरे भांडवल एवढेच.

आता मुख्य प्रश्न. शरीराचे बाकीचे अवयव सुट्या पेशींचे बनलेले आहेत हे तेव्हा मान्य झाले होते. मज्जासंस्था मात्र अपवाद, ती म्हणजे सलग विणलेले एक जाळे, असे बहुतेक विद्वान मानत. तपासायचे कसे? मेंदूचा काप यंत्राखाली धरला तर नुसता गुंता दिसतो. इटलीतील कामिल्लो गोल्गी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने रंगवण्याची एक रीत शोधली होती. तिची गंमत अशी की हजारो पेशींपैकी थोड्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या शेंड्यापासून मुळापर्यंत. दाट अरण्यातली चारच झाडे रंगवावीत, तसे. ही रीत काहालांनी १८८७ मध्ये माद्रिदला डॉ. सिमारो यांच्याकडे पाहिली आणि ते तिच्यामागे लागले. काप दोनदा बुडवून रंग गडद केला. शिवाय प्रौढ प्राण्याच्या तंतूंवरील वेष्टन रंगाला आड येते, म्हणून अंड्यातली पिल्ले आणि नवजात प्राणी घेतले.

१८८८ मध्ये बार्सिलोनात त्यांना पक्ष्यांच्या लहान मेंदूत दिसले की प्रत्येक तंतू दुसऱ्या पेशीच्या अगदी जवळ जाऊन थांबतो, तिच्यात मिसळत नाही. म्हणजे जाळे नाहीच. सुट्या पेशी आणि त्यांचे शेजार! पुढे त्यांनी असेही मांडले की संदेश आखूड फांद्यांतून पेशीत येतो व लांब तंतूतून बाहेर जातो, उलटा नाही. तव्याचा चटका बसला की बोटाच्या त्वचेतून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत शिरतो. तिथे पेशीपेशींतून तो स्नायूंकडे वळतो आणि हात मागे येतो. मेंदूकडेही वर्दी जाते, पण भाजल्याचे आपल्याला कळते ते हात मागे आल्यावर.

शोध लागला, पण वाचणार कोण? काहालांनी १८८८ च्या मे महिन्यात पदरचे पैसे घालून स्वतःचे नियतकालिक काढले. प्रती अवघ्या ६०, त्यातल्या बहुतेक परदेशी विद्वानांना पाठवलेल्या. पण ते स्पॅनिशमध्ये! युरोपचे शास्त्र तेव्हा जर्मन आणि फ्रेंचमध्ये चाले. मराठी शाळेतून येऊन इंग्रजी पुस्तकांपुढे बसणाऱ्या मला चरित्राचा हा भाग सर्वांत जवळचा वाटतो. काहालांनी आपली भाषा सोडली नाही आणि रुसूनही बसले नाहीत. लेख फ्रेंचमध्ये आणले आणि ऑक्टोबर १८८९ मध्ये स्वखर्चाने बर्लिनच्या परिषदेला गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत एकेकाला यंत्रापाशी नेऊन काप दाखवले. बहात्तर वर्षांचे थोर कोलिकर तिथेच पटले. त्यांनी पुढे काहालांचे लेख वाचण्यासाठी स्पॅनिश शिकून घेतली असे चरित्रकार सांगतात. १८९१ मध्ये जर्मनीच्या वाल्डायर यांनी या पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. पाहणी दुसऱ्यांची, बारसे मात्र यांनी केले.

१९०६ चे नोबेल पारितोषिक गोल्गी आणि काहाल यांना विभागून मिळाले. स्टॉकहोमला गोल्गींनी आपल्या भाषणात जाळ्याचीच बाजू मांडली. दुसऱ्या दिवशी काहालांनी आपली. एकाच रीतीने रंगवलेल्या कापांतून दोघांनी दोन उलटे निष्कर्ष काढले होते. गोल्गींना हटवादी म्हणणे सोपे आहे, पण त्यांच्या चांदीवाचून काहालांच्या हाती काहीच लागले नसते.

काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदला वारले. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली. ती सुमारे २० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नास हजारावा भाग. काही ठिकाणी शेजारच्या पेशी अतिसूक्ष्म नलिकांनी थेट जोडलेल्या असतात असेही पुढे आढळले. तेवढी रक्कम गोल्गींच्या खाती जमा करायला हवी.