कै. प्रा. ना. सी. फडके : रंजनाचा उपासक

मुलांच्या हाती कादंबरी दिसली की पुष्कळ घरांत वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यातून ती हलकीफुलकी प्रेमकथा असली, तर विद्यार्थी ती भूगोलाच्या पुस्तकाआड दडवून वाचतात. असे वाचन खरोखरच लपविण्याजोगे आहे काय? या प्रश्नाचा विचार करण्यास सोयीचे व्हावे म्हणून, ज्यांनी अशाच लेखनात आयुष्य वेचले त्या प्रा. नारायण सीताराम फडके यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहोत.

फडके यांचा जन्म ४ ऑगस्ट १८९४ रोजी हल्लीच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत येथे झाला. तत्त्वज्ञान हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता, व कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते त्याच विषयाचे अध्यापन करीत. अशा गहन विषयाच्या प्राध्यापकाने प्रेमकथा लिहाव्यात याचे कित्येकांस नवल वाटे. १९१७ साली 'अल्ला हो अकबर' ही त्यांची पहिली कादंबरी निघाली; तिला मेरी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीचा आधार होता. पुढे 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९) व 'अटकेपार' (१९३१) या कादंबऱ्यांनी त्यांचे नाव घरोघरी पोहोचविले.

त्यांच्यापूर्वी हरिभाऊ आपटे यांनी कादंबरीतून समाजाची दुःखे मांडली होती, तर वामन मल्हार जोशी यांनी तीत तत्त्वचर्चा आणली होती. फडके यांनी मात्र वाचकाचे रंजन हेच आपले ध्येय ठरविले. सुशिक्षित तरुण-तरुणींची भेट, गैरसमज, रुसवे व मनोमीलन एवढ्या साध्या सामग्रीवर ते वाचकास खिळवून ठेवीत. तथापि हे रंजन आयते साधत नाही, हेही ते जाणून होते. कथानकाची गुंफण, उत्कंठा, संवाद यांचा त्यांनी कसून अभ्यास केला व १९३१ साली 'प्रतिभासाधन' हा लेखनकलेवरील ग्रंथ लिहिला.

त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. कला ही कलेसाठीच असते, हे त्यांचे मत. ती जीवनासाठी असावी, हे वि. स. खांडेकर यांचे मत. हा वाद फार गाजला. फडके यांच्या पुस्तकांत बहुधा सुखवस्तू शहरी लोकच भेटतात, हा आक्षेप आम्हांसही खरा वाटतो. सातपुड्यातील पाड्यावरच्या मुलास त्यांत आपले घर सापडणार नाही.

असे असूनही १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस लाभले, व १९६२ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. सत्तरांहून अधिक कादंबऱ्या लिहून २२ ऑक्टोबर १९७८ रोजी ते निवर्तले.

आता आमच्या नंदुरबार जिल्ह्याकडे वळू. येथे कोणाच्या घरी भिली, कोणाकडे पावरी, कोणाकडे अहिराणी, तर कोणाकडे गुजरी बोलतात. अशा मुलास पाठ्यपुस्तकातील मराठी परक्या घरच्या पाहुणीसारखी वाटते. तिच्याशी मोकळेपणाने बोलण्याचा धीर होत नाही. पुढे काय झाले या ओढीने जो मुलगा दोनशे पाने वाचून काढतो, त्याची ही भीड आपोआप मोडते. शब्द ओळखीचे होतात, वाक्ये जिभेवर रुळतात, आणि एकदा लागलेली वाचनाची गोडी त्यास खांडेकरांपर्यंत व त्याहूनही पुढे घेऊन जाते. मात्र गोडाने जेवणास आरंभ झाला म्हणून भाकरी टाकून चालत नाही, हे विद्यार्थ्यांनीही ध्यानी ठेवावे.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे, की असे पुस्तक मुलाच्या हातून हिसकावून घेण्यापूर्वी रात्री जेवण झाल्यावर त्यास जवळ बसवून त्यातील गोष्ट सांगावयास लावावी. ती त्याने आपल्या घरच्या बोलीत सांगितली तरी चालेल. मग ते पुस्तक भूगोलाच्या आड दडविण्याचे त्यास कारणच उरणार नाही.