शिखरे मोजणारा गिर्यारोहक

स्कॉटलंडमध्ये लॉख टे सरोवराच्या काठावर उभा असलेला, १,२१४ मीटर उंचीचा बेन लॉअर्स हा गवताळ पर्वत ‘मन्रो’ म्हणून ओळखला जातो. तेथील तीन हजार फुटांवरील शिखरांना हे नाव मिळाले ते सर ह्यू मन्रो यांच्यामुळे. १८५६ मध्ये लंडनला जन्मलेले मन्रो स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबचे संस्थापक सदस्य होते. अशी शिखरे मोजकीच असावीत, असा तेव्हा समज होता. मन्रो यांनी १८९१ मध्ये २८३ शिखरांची यादी प्रसिद्ध करून तो खोटा ठरविला. यादी पूर्ण करण्याचा पहिला मान मात्र १९०१ मध्ये धर्मोपदेशक ए. ई. रॉबर्टसन यांच्या नावे नोंदला गेला. स्काय बेटावरील उभ्या सुळक्याने मन्रो यांना अखेरपर्यंत दाद दिली नाही. १९१९ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचीच यादी त्यांच्याकडून अपुरी राहिली होती.